जुन्या गाडीचे व्याकरण



मराठीतील 'गाडी' हा शब्द मोठा उदार आहे. बैल ओढतात ती गाडी, रुळांवरून धावते ती गाडी, आणि संध्याकाळी भेळवाला ढकलत आणतो तीही गाडीच. ओढणे, धावणे आणि ढकलणे या तिन्ही क्रिया या एका नामाने विनातक्रार पोटात घेतल्या आहेत. गेली पंचवीसहून अधिक वर्षे आमच्या दारात पेट्रोलवर चालणारी एक जुनी चारचाकी उभी आहे. ती या शब्दाच्या तिन्ही अर्थांना जागते. ती कधी धावते, कधी ओढून न्यावी लागते आणि उरलेल्या वेळी ढकलावी लागते. कोशकारांना जिवंत उदाहरण हवे असेल, तर त्यांनी गंगापूर रस्त्यावर माझ्या मागोमाग यावे. फार वेगाने यावे लागणार नाही.

गाडी कोणत्या कंपनीची, हे मी मुद्दामच सांगत नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेल्या यंत्राच्या खोकल्याचा दोष त्याच्या जन्मदात्याच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. तिचा जन्म १९८७ चा. क्रमांकपट्टीवर 'एम.एच.' ही अक्षरे उमटू लागण्यापूर्वीचा. १९९९ साली वेतन आयोगाच्या थकबाकीतून मी ती एका निवृत्त अभियंत्यांकडून घेतली. किल्ली हाती देताना ते म्हणाले होते, "ताई, गाडी उत्तम आहे. फक्त तिचं ऐकून घ्यावं लागतं." हे वाक्य अक्षरशः घ्यायचे असते, हे पुढे अनुभवाने कळले.

तुमच्यापैकी जे विशीत किंवा तिशीत आहेत, त्यांना त्या काळच्या गाडीचे अप्रूप समजावून सांगणे अवघड आहे. परवाना पद्धतीच्या त्या दिवसांत गाडी विकत मिळत नसे, गाडीसाठी नाव नोंदवावे लागे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. रस्त्यावर मुख्यतः दोनच चेहरे दिसत : कलकत्त्याकडची गोलसर ॲम्बॅसिडर आणि आपल्या कुर्ल्याची फियाट. या दुसरीची कुळकथा आपल्या जिल्ह्याला जवळची आहे. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. याच वालचंदांचा साखर कारखाना आपल्या मालेगाव तालुक्यात रावळगावला होता. ज्या रावळगावच्या गोळ्या चघळत आमची पिढी शाळेत गेली, त्या गोळ्या आणि मुंबईची ती मोटार अशी एकाच उद्योजकाच्या घरची भावंडे. १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डिलाइट पुढे सत्तरच्या दशकात 'प्रीमिअर पद्मिनी' झाली. इटालियन बांध्याच्या मोटारीला चितोडच्या राणीचे नाव मिळाले आणि आपल्याला त्यात काहीही विसंगत वाटले नाही. नामकरणाच्या बाबतीत आपण भारतीय मनाने मोठे असतो.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ग्राहकांच्या हाती पडली आणि जुन्या घराण्यांचे दिवस भरत आले. २००० सालानंतर लवकरच पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती पुढेही टिकली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर ती अधिकृतपणे उरली नाही. त्या दिवशी वर्तमानपत्रांतून तिच्यावर हळवे लेख आले. मी ते लेख गाडीत बसून वाचले. आमची गाडी तेव्हा द्वारका चौकात बंद पडली होती आणि वाचनाला सवड भरपूर होती.

आता थोडे व्याकरणाकडे वळू. नवी गाडी वापरणाऱ्याला मराठी क्रियापदाची श्रीमंती कधीच कळत नाही. त्याचे काम 'गाडी सुरू झाली' एवढ्या एका वाक्यावर भागते. माझा दिवस मात्र 'गाडी सुरू होत नाही' आणि 'गाडी सुरू होईना' या दोन वाक्यांतील अंतराने सुरू होतो. 'होत नाही' हे केवळ वृत्त आहे. 'होईना' म्हटले की त्यात माझे प्रयत्न आले, तिचा नकार आला आणि खिडकीतून पाहणारे शेजारीही आले. 'दार उघडेना', 'पाऊस थांबेना', 'गाठ सुटेना' ही वाक्ये पाहा. अचेतन वस्तूंनाही स्वतःची मर्जी असते, हे मराठीने एका 'ना'त मान्य करून ठेवले आहे.

व्याकरणाच्या घटकात तुम्ही प्रयोजक आणि शक्य क्रियापदांची उदाहरणे पाठ केली असतील. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून आपण हा भेद शिकवत आलो आहोत. 'चालणे' या एकाच धातूपासून दोन्ही क्रियापदे घडतात आणि दोघांचे रूप दिसायला सारखेच : 'चालवते'. 'ती गाडी चालवते' हे प्रयोजक. 'तिला आता चार पावले चालवते' हे शक्य. वर्गात हा भेद समजावताना माझी दमछाक होत असे. गाडी आल्यापासून उदाहरणे तयार मिळू लागली. मी म्हणते, "मी चालवत नाही." याचा अर्थ, आज मी गाडी काढत नाही. सासूबाई म्हणतात, "मला चालवत नाही." याचा अर्थ, गाडीने नेत असशील तरच देवळात येते. आणि उतारावर उभी राहून धाप टाकणाऱ्या गाडीकडे पाहून माझे यजमान म्हणतात, "तिला चालवत नाही." हा शक्य क्रियापदाचा प्रयोग आहे, हे आमच्या घरात सर्वांना पटलेले आहे. आमच्या संसारातील प्रयोगांची वाटणीही या गाडीने ठरवून टाकली. कर्तरी प्रयोग माझा, कारण चालवते मी. कर्म त्यांच्या वाट्याला आले, कारण ढकलतात ते.

जुलैत गोदावरीला पूर येतो आणि आमच्या गाडीला, सासूबाईंच्या भाषेत, सर्दी होते. वस्तुतः डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात ओल शिरते, ठिणगी प्लगपर्यंत पोचण्याआधीच वाट चुकते आणि इंजिन शिंकल्यासारखे करून थांबते. टोपण काढून कोरड्या फडक्याने पुसले की बहुधा काम होते. सासूबाई मात्र दरवर्षी तिला वाफ द्यायची सूचना करतात.

ओले फडके मात्र खरोखरच कामी येते, तेही भर उन्हाळ्यात. मुंबईहून परतताना कसारा घाटात इंजिन तापले की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलू शकतो, वाफेपुढे त्याचे काही चालत नाही. अशा वेळी बॉनेट उघडावे, पंपावर ओले फडके ठेवावे आणि निसर्गसौंदर्य पाहावे, एवढाच उपाय असतो. रेडिएटरचे झाकण त्या वेळी उघडू नये, हे जाता जाता सांगून ठेवते. कारण आतल्या उकळत्या पाण्याला धीर नसतो. मी या घाटात इतका काळ उभी राहिले आहे की समोरच्या डोंगरातील रेल्वेमार्गाचा मला अभ्यास झाला. १८६५ साली सुरू झालेल्या या थळ घाटात चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. भारतातील मुख्य मार्गांवरच्या अत्यंत तीव्र चढांपैकी हा एक. म्हणून आजही इगतपुरीकडे चढणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडतात. हे कळल्यापासून यजमानांचा संकोच गेला. जी गोष्ट रेल्वे दीडशेहून अधिक वर्षे राजरोस करत आली आहे, ती करताना आपण का लाजावे, असे म्हणून ते खांदा लावतात. २०२५ मध्ये इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गाचा सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा खुला झाला आणि घाट टाळून जाण्याची सोय झाली. त्या बोगद्यात आमची गाडी मी कधीही नेणार नाही. थांबल्यावर पाहायला डोंगर तरी हवा.

ढकलणे ही कला आहे आणि ते लोकशिक्षणही आहे. नाशिक हे मोटारी बनवणारे शहर आहे. सातपूरच्या वसाहतीतून नव्याकोऱ्या गाड्या लांबलचक ट्रेलरवर चढून देशभर जातात. अशाच एका ट्रेलरसमोर त्र्यंबक रस्त्यावर आमची गाडी थांबली होती. ट्रेलरचा चालक खाली उतरला. त्याच्या मागे सात-आठ चकचकीत गाड्या साखळ्यांनी बांधून उभ्या होत्या. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा आमच्या गाडीकडे पाहिले आणि निमूटपणे धक्का द्यायला लागला. पाठोपाठ दुसऱ्या पाळीला निघालेले दोन कामगार आले, क्लासला जाणारा एक मुलगा आला. गाडी सुरू झाल्यावर माणसे हसतात, हात झटकतात आणि नाव न सांगता निघून जातात. तुमच्यापैकी कोणी तरी त्यांत असण्याची शक्यता मी नाकारत नाही. असाल तर हे आभार तुमच्याकरिता.

या गाडीमुळे मला जे सर्वांत मौलिक मिळाले, ते मात्र रस्त्यावर मिळाले नाही. ते भद्रकालीच्या बाजूला एका बोळात, पत्र्याच्या शेडखाली मिळाले. तेथे आमचे मिस्त्रीकाका बसतात. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि 'चावी'ही त्यांचीच. 'गॅरेज' फ्रेंच. सुट्या चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो, ते वेल्समधील लानेली गावातल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून. १९०४ मध्ये तेथे असे जादा चाक तयार होऊ लागले. तो धंदा तेथे केव्हाच मिटला, शब्द मात्र आपल्या डिकीत सुखरूप आहे. शब्दांच्या या प्रवासाची मला आधीपासून गोडी होती. मिस्त्रीकाकांनी मला त्यापुढची इयत्ता शिकवली.

ते गाडी तपासत नसत, ऐकत. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टरांची नळी आणि ही मूठ यांत तत्त्वतः फरक नाही. मग निदान व्हायचे. "मॅडम, ही टिकटिक आहे. वरची, टॅपेटची. हिला घाबरायचं नाही. खालून ठकठक आली का मग घाबरायचं, ते बेअरिंग." चढावर डब्यात नाणी हलवल्यासारखी खुळखुळ आली, तर ठिणगी वेळेआधी पडते आहे. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची. थंडीत सकाळी पट्टा रडतो. सायलेन्सर फुटला की फटफट. आणि कार्बोरेटरजवळ कोठे हवा शिरत असेल, तर बारीक 'सू' ऐकू येते. ती ऐकायची तर बाकीच्यांनी बोलणे थांबवायचे.

भाषाविज्ञानाच्या घटकात तुम्ही सोस्यूर यांचा सिद्धान्त वाचला असेल. त्यांच्या मृत्यूनंतर, १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो आला आहे. शब्द आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते, 'झाड' या ध्वनींत झाडासारखे काही नसते, असे तो सांगतो. अनुकरणवाचक शब्दांचे महत्त्व त्यांनी गौण मानले. ते बव्हंशी खरेच आहे. परंतु मिस्त्रीकाकांच्या शेडखाली हे गौण शब्द पोट भरत होते. 'टिकटिक'मधील 'इ' उच्चारताना जीभ उंच उचलली जाते आणि तोंडातील पोकळी लहान होते. ध्वनी बारीक येतो, भागही लहान असतो. 'ठकठक'मध्ये 'इ' नाही, 'ट'चा महाप्राण 'ठ' झालेला आहे. ध्वनी जड, भाग मोठा आणि खर्चही मोठा. स्वर बदलला की बिल बदलते, हे मी तेथे शिकले. डॉक्टरेटच्या वेळी ध्वनींचे वर्गीकरण करताना मी वर्षे घालवली. या माणसाचे वर्गीकरण मात्र अधिक कठोर कसोटीला उतरलेले होते, कारण ते चुकले तर गाडी परत येत असे.

तीन वर्षांपूर्वी त्यांना कमी ऐकू येऊ लागले.

प्रथम ते मान्य करीनात. मूठ कानाला लावून ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभे राहू लागले. आयुष्यभर उघड्या इंजिनांशेजारी आणि घणाच्या आवाजात काढल्यावर दुसरे काय व्हायचे? मग एके दिवशी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा धंदाच आवाजाचा आहे ना? सांगा, कसा येतो." मी कान लावला. त्यांनी विचारले, "टिक की टक? एकसारखा की मध्ये थांबून? रेस दिल्यावर वाढतो की बुडतो?" मी मोठ्याने सांगत गेले आणि त्यांनी हात घातला तो नेमका जागेवर. तेव्हापासून आमची गाडी आम्ही दोघे मिळून दुरुस्त करतो. कान माझे, ज्ञान त्यांचे.

त्यांचा मुलगा शेजारीच नवे गॅरेज चालवतो. तेथे गाडीला तार जोडली की पडद्यावर दोषाचा क्रमांक उमटतो. तो कुशल आहे आणि त्याची पद्धत अधिक अचूक आहे, याविषयी मला शंका नाही. पण क्रमांकाला आवाज नसतो. त्याच्या शेडखाली 'टिकटिक' हा शब्द आता कोणाला लागत नाही, आणि न लागणारा शब्द कोणी शिकवत नाही. एखाद्या बोलीचे अखेरचे भाषक भेटतात, तेव्हा अभ्यासक वही काढतो. मीही काढली. गेली दोन वर्षे दर पंधरवड्याच्या शनिवारी मी तेथे जाते. गाडी बिघडलेली असेल तर तिच्यासह, आणि क्वचित बरी असेल तर रिक्षाने. आजवर दोनशेच्या आसपास शब्द आणि वाक्प्रयोग जमले आहेत : गाडी मिस मारते, ऑइल पिते, पिकअप घेत नाही, क्लच सोडत नाही, ब्रेक लांब लागतो. प्रत्येकापुढे आवाज, भाग, कारण आणि उपाय असे चार रकाने आहेत.

हे सगळे वाचून मी जुन्याची आंधळी भक्त आहे, असा समज करून घेऊ नका. अशा गाडीचा धूर नव्या गाडीपेक्षा वाईट असतो. अपघातात माणसाला वाचवणाऱ्या आजच्या सोयी तिच्यात नाहीत. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. उसापासून झालेले हे इंधन तिच्या नळ्या कुरतडते, तेव्हा मला रावळगावच्या गोळ्या आणि आमचे दात आठवतात. शिवाय खर्च आहेच. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपयांवर गेले, आणि आमची पाळी नेमकी त्याच वर्षी होती. पुढची पाळी २०२७ मध्ये. 'असून अडचण, नसून खोळंबा' ही म्हण रचणाऱ्याजवळ मोटार नव्हती, पण अनुभव तोच असावा.

२०२७ मध्ये काय करायचे, यावर घरात मतभेद आहेत. पुण्याहून मुलगी फोनवर सांगते, "आई, आता भंगारात दे." तिचे म्हणणे योग्य आहे. यजमानांचा खांदाही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. मी नोंदणी नवी करणार नाही, असे जवळजवळ ठरवले आहे. पण तोवर वही पूर्ण व्हायला हवी आणि वहीसाठी बोलणारी गाडी हवी. मुक्या यंत्रावर आवाजांचा शब्दकोश होत नाही. त्यामुळे सध्या माझी स्थिती चमत्कारिक आहे. इतरांच्या गाड्या चालाव्यात म्हणून लोक नवस बोलतात, आणि आमच्या गाडीने अजून काही नवे दोष करून दाखवावेत, अशी मी वाट पाहते. या बाबतीत तिने मला कधीही निराश केलेले नाही.

तुमच्यापैकी पुष्कळजण काम सांभाळून शिकतात. कोणी यंत्रमागावर आहे, कोणी द्राक्षबागेत, कोणी एस.टी.च्या आगारात, कोणी स्वयंपाकघरात. तुमच्या कामाजवळही असे शब्द असतील, जे कोणत्याही कोशात नाहीत आणि एखाद्या वयस्कर माणसाच्या तोंडी तेवढे उरले आहेत. या अभ्यासक्रमात प्रकल्पाला विषय सापडत नाही, अशी तक्रार मी दरवर्षी ऐकते. विषय तुमच्या शेजारी बसून चहा पीत असेल.

मागच्या शनिवारी मी मिस्त्रीकाकांना बिघाडांच्या नावांचा क्रम विचारत होते. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते पण धरत नाही, त्याला ते म्हणतात, "गाडी विचार करते." नुसता 'टक्' आवाज येऊन सारे शांत होते, तेव्हा "गाडी रुसली." मी दोन्ही लिहून घेतले आणि मोठ्याने विचारले, "आणि गाडी कायमचीच बंद पडली, तर तिला काय म्हणता?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. मला वाटले, प्रश्न ऐकू गेला नाही.

"त्याला शब्द नाही मॅडम," ते म्हणाले. "तिचे पार्ट काढून दुसऱ्या गाडीला लावतो ना आपण."

वहीत त्या रकान्यात मी त्यांचे हे वाक्य जसेच्या तसे उतरवले आहे.